पर्वणी, गर्दी आणि गणना

अमरकोशात पंडिताच्या नावांमध्ये 'संख्यावान्' हे एक नाव आहे. संस्कृतात 'संख्या' या शब्दाला गणनेबरोबरच विचार असाही अर्थ आहे. सिंहस्थाची पर्वणी म्हटली, की आम्हांस या शब्दाचे राहून राहून स्मरण होते.

२७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिक येथे शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर ३९ भाविकांचे प्राण गेले. अशा प्रसंगी माणसे तुडवली जातात, असा आपला समज. परंतु पुष्कळांचा श्वास छाती दबूनच कोंडतो. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहांहून अधिक माणसे दाटली, की आपले पाऊल आपल्या स्वाधीन राहत नाही. मागचा रेटा लाटेसारखा पुढे सरकतो. रेटणाऱ्यास पुढची अवस्था दिसत नाही.

म्हणूनच २०१५ च्या नाशिक सिंहस्थात पावले मोजणारी चटई वाटेवर अंथरून पाहण्यात आली. कोणत्या वाटेने मिनिटास किती जण जात आहेत हे कळले, तर लोंढा वेळीच अन्यत्र वळवता येतो.

मात्र २९ जानेवारी २०२५ रोजी, मौनी अमावास्येस, प्रयागराजच्या संगमावर गर्दीचा अंदाज घेणारे कॅमेरे असूनही, त्या सायंकाळी जाहीर झालेल्या सरकारी आकड्यानुसार, ३० भाविक मृत्युमुखी पडले. मोजणे ही अर्धीच सेवा; आकडा वाढताच वाट रोखणे, ही उरलेली अर्धी होय.

भाविकजनहो, पर्वणीस पोलिसाने हात आडवा केला, तर ते पुण्यकार्यातील विघ्न मानू नये. मागे थांबलेल्या आपल्या पावलावर पुढच्या कोणाचा तरी श्वास अवलंबून असतो.