धुऱ्यावरून भांडणारे मासे

नरखेडहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. दुकानदाराने 'मिक्स' म्हणून दिलेले आफ्रिकन सिक्लिड टाकीत सोडलेत, त्यातला एक निळा नर बाकीच्यांना जगू देत नाही, तर सोबतीला कोणते शांत मासे आणावेत? उत्तर आधीच देऊन टाकतो : शांत मासे अजिबात आणू नका, ते आठवडाभरात शेपट्या गमावतील. सोबत निवडायची ती आधी पाणी बघून, मग भांडणाचं कारण बघून.

पाण्याच्या बाबतीत नरखेडकर सुदैवी आहेत. ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरे थर चढतात, ते बेसाल्टमधून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन आलेलं असतं. हे मासे ज्या आफ्रिकी सरोवरांतून आले तिथलं पाणीही अल्कधर्मीच : मलावी सरोवराचा पीएच साधारण ७.७ ते ८.६, टांगानिकाचा तर ९ च्या आसपास. तेव्हा दुकानातल्या महागड्या 'सिक्लिड सॉल्ट'च्या पुड्या घेण्याआधी आपलं पाणी एकदा तपासून घ्या. बहुतेक वेळा पुडीची गरज पडणार नाही. आरओचं पाणी मात्र टाकीत नको. ऑस्कर आणि एंजल हेही सिक्लिडच, पण दक्षिण अमेरिकेतले, मऊ पाण्याचे. गोल्डफिश थंड पाण्याचा. या तिघांचा विषय इथेच संपला. फ्लॉवरहॉर्नचाही. डोक्यावर टेंगूळ असलेला हा संकर घरात लक्ष्मी आणतो म्हणतात. माझ्या पाहण्यात तो फक्त दुकानदाराकडेच आणतो.

आता भांडण. आपल्याकडे धुऱ्यावरून वाद होतो तो तीन गावं पलीकडच्या शेतकऱ्याशी नाही, लागून वावर असलेल्या चुलतभावाशी. मलावीच्या खडकांत राहणाऱ्या 'म्बुना' नरांचं अगदी तसंच आहे. नर एक दगड धरतो, त्यावरचं शेवाळ आणि तिथे येणाऱ्या माद्या आपल्या मानतो. त्याला खरा धोका असतो तो तेच खाणाऱ्या, त्याच माद्यांसमोर नाचणाऱ्या आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या नराचा. ओले सीहाउसेन आणि डॉल्फ श्लूटर यांनी २००४ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिडांबद्दल हाच मुद्दा मांडला : नर आपल्या रंगाच्या नरावर अधिक तुटून पडतात, म्हणून एकाच किनाऱ्याला वेगळ्या रंगाच्या जातींना टिकाव धरणं सोपं जातं. टाकीसाठी याचा अर्थ सरळ आहे. निळा पट्टेवाला नर असेल तर दुसरा निळा पट्टेवाला नको. पिवळाजर्द लॅबिडोक्रोमिस, म्हणजे दुकानातला 'इलेक्ट्रिक यलो', आणा. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवा, दगड भरपूर रचा. मासे थोडे दाटच ठेवले तर एकाच दुबळ्यावर सगळा राग निघत नाही. दादाला सगळीकडे धावून पुरत नाही.

हे मासे दुसऱ्यांची भांडणं बघून हिशेबही मांडतात. स्टॅनफर्डमध्ये लोगन ग्रोसेनिक, ट्रिशिया क्लेमेंट आणि रसेल फर्नाल्ड यांनी टांगानिकाकडच्या बर्टनी या सिक्लिडाच्या नरांना पाच प्रतिस्पर्ध्यांच्या जोडीजोडीच्या लढती नुसत्या दाखवल्या : 'अ'ने 'ब'ला हरवलं, 'ब'ने 'क'ला, असं 'इ'पर्यंत. मग समोर 'ब' आणि 'ड' ठेवले. यांची आपसात लढत कोणी पाहिलेली नव्हती, तरी प्रेक्षक नर कमजोर 'ड'च्या बाजूला सरकला! २००७ साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं. त्यामुळे नवा मासा सोडताना दगड हलवून मांडणी बदलण्याचा हौशी लोकांचा सल्ला मला पटतो. जुन्या हद्दी मोडतात आणि दादालाही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुकानांत 'ट्रेवावासी' नावाचा एक मासा मिळतो, भगव्या पाठीचा. त्याला जेफ्री फ्रायर यांनी १९५६ मध्ये हे नाव दिलं ते एथेलविन ट्रेवावास यांच्यावरून. सिक्लिडांची गोष्ट सांगताना लोक डार्विनच्या चिमण्यांपाशी जातात आणि लंडनच्या संग्रहालयात बाटल्यांतल्या माशांच्या कवट्या तपासत बसलेल्या या बाईंना विसरतात. मलावीच्या (तेव्हाच्या न्यासाच्या) सिक्लिडांचा आराखडा त्यांनी १९३५ मध्ये मांडला, १९३८-३९ च्या पाहणीत त्या स्वतः सरोवरावर गेल्या आणि ऐंशी उलटल्यावर, १९८३ मध्ये, टिलापियांवरचा मोठा ग्रंथ छापला. अंडी खडकावर घालून राखणारे वेगळे आणि तोंडात घेऊन वाढवणारे वेगळे, ही विभागणी त्यांनी पक्की केली. १९५२ मध्ये भारतात आणलेला आणि उजनीकडे 'चिलापी' म्हणून तळला जाणारा मोझांबिक टिलापियाही त्यांच्याच वर्गीकरणाने ओरिओक्रोमिस झाला. म्हणजे आफ्रिकन सिक्लिड आपल्या ताटात टाकीच्या आधी पोचला होता.

'मिक्स'बद्दल एक इशारा. गढूळ पाण्यात रंग ओळखू येईनासे झाले की माद्यांची निवड चुकते आणि व्हिक्टोरियात जाती एकमेकींत मिसळू लागतात, हे सीहाउसेन यांनीच १९९७ मध्ये दाखवलं. टाकीत तर निवडायला आपल्या जातीचा नरच बहुधा नसतो. पिल्लं झाली तर खुशाल वाढवा, पण जातीचं नाव लावून विकू नका.

जड पाण्याची एक गोम आहे. माशांकडून सुटणारा अमोनिया पीएच ७ ला जवळजवळ निरुपद्रवी रूपात असतो. २५ अंशांना, ८.५ पीएचला, त्यातला सुमारे १५ टक्के विषारी होतो, आणि तापमान चढलं की आणखी. मासे दाट, मे महिना आणि वर लाइट गेलेली, मग प्राणवायूही कमी. एअर पंपाला बॅटरीची सोय हवीच, आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदला.

सिक्लिड सोडून दुसरा कोण चालेल म्हणाल तर टांगानिकाचा ठिपकेदार सिनोडोंटिस. मिशावाला, दणकट, दगडाखाली पडून राहणारा. फक्त त्याची एक खोड ठाऊक असू द्या. सिक्लिडची मादी अंडी तोंडात घेत असते, त्या गडबडीत हा आपली अंडी त्यांत मिसळतो; तिच्या तोंडात त्याची पिल्लं आधी फुटतात आणि तिच्याच पिल्लांवर पोसतात. तेत्सू सातो यांनी हे सरोवरात १९८६ मध्ये नोंदवलं, टाकीतही होतं. पिल्लं विकायचा विचार असेल तर हा पाहुणा घेऊ नका. नुसतं बघत बसायचं असेल तर जरूर घ्या.