जपानचं ओन्सेन आणि आपलं वज्रेश्वरी: गरम पाण्याच्या गावातला मुक्काम कसा असतो?

बाहेर बर्फाचे ढीग आणि वाफाळत्या पाण्यात गळ्यापर्यंत बसलेली माणसं. जपानचे असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. नागानो प्रांतातलं नोझावा ओन्सेन हे असंच एक गाव. दिवसा बर्फावर स्कीइंग, संध्याकाळी गरम पाण्याचं स्नान. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचा झरा.

मुक्काम कसा असतो?

इथल्या पारंपरिक मुक्कामाच्या जागेला रियोकान म्हणतात. बूट दारातच काढायचे. खोलीत पलंग नसतो. गवती चटयांवर रात्री गाद्या घालतात. पाहुण्यांना घालायला युकाता हा सुती झगा मिळतो. भाडं बहुतेक ठिकाणी माणशी असतं आणि त्यात रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते.

स्नानाचा मुख्य नियम एकच. आधी बाहेर साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, मगच कुंडात उतरायचं. कुंड अंग धुण्यासाठी नसतं, शेकण्यासाठी असतं. पुरुष आणि बायकांची कुंडं सहसा वेगळी असतात. अंगावर कपडे नसतात, त्यामुळे आत मोबाईलला मनाई असते.

आपल्याकडे असं काही आहे का?

जपानच्या 1948 च्या कायद्यानुसार उगमापाशी पाणी किमान 25 अंश सेल्सिअस असेल, तर तो झरा ओन्सेन ठरतो. कोकणातल्या झऱ्यांचं पाणी साधारण 35 ते 70 अंश असतं. म्हणजे आपले झरेही त्यात बसतात!

डहाणूच्या मसोलीतून निघालात, तर डहाणू रोडहून विरार लोकल पकडायची आणि विरारहून रस्त्याने वज्रेश्वरी गाठायची. तानसा नदीच्या परिसरात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी इथे ही कुंडं आहेत. 1739 मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडला आणि वज्रेश्वरीचं मंदिर बांधून घेतलं, असं सांगतात. इथला मुक्काम लॉजमध्ये किंवा धर्मशाळेत.

पाणी गरम का असतं?

जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी ज्वालामुखीची उष्णता कामी येते. कोकणात जिवंत ज्वालामुखी नाही. इथे पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरतं, तिथे तापतं आणि पुन्हा वर येतं.

मग फरक कुठे आहे?

फरक देखभालीत आहे. नोझावात 13 सार्वजनिक स्नानगृहं आहेत. ती गावकऱ्यांचे गट पाळीपाळीने साफ करतात आणि खर्चही उचलतात. या गटांना यु-नाकामा म्हणतात, म्हणजे गरम पाण्याचे सोबती. पाहुण्यांना प्रवेश मोफत, दारात फक्त दानपेटी. तिथल्या ओगामा झऱ्याचं पाणी सुमारे 90 अंश असतं. त्यात गावकरी भाज्या आणि अंडी उकडतात. पाहुण्यांनी तिथे आत जायचं नाही, हा नियम.

आपल्याकडच्या कुंडांत जाताना काय पाळाल?

• साबण, शाम्पू आणि कपडे धुणं कुंडाबाहेरच.
• आधी हाताने पाण्याचा अंदाज घ्या. एका वेळी दहा मिनिटं पुरेत.
• रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दारू पिऊन उतरू नका.
• जखम असेल तर कुंड टाळा. त्वचारोगाची औषधं झऱ्याच्या भरवशावर बंद करू नका.
• दुसऱ्यांच्या अंघोळीचे व्हिडिओ काढू नका.

यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. कुंड स्वच्छ राहिलं, तर पुढच्या माणसालाही त्यात निर्धास्त उतरता येईल.