पुस्तकाचाही नमुना पाहूनच सौदा करा

जळगावच्या फुले मार्केटमध्ये असो की धुळ्याच्या आग्रा रोडवर, कापडाचा जाणकार ठाण उलगडल्याशिवाय भाव बोलत नाही. तो काठ पाहतो, उजेडात धरून वीण पाहतो, एक धागा काढून जाळतो. रंगाची शंका आली तर कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासतो. पण हाच माणूस धंद्याचे पुस्तक घेताना मात्र नाव आणि वेष्टन पाहून पैसे मोजतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी रंगाईवरचे एक जाड इंग्रजी पुस्तक टपालाने मागविले. नऊशे रुपये गेले. पुस्तक उघडले तर त्यातील सारी प्रमाणे मोठ्या मिलच्या यंत्रांची. आमच्या मालाचे काम करणारे रंगारी हौदात आणि भट्टीवर रंगवितात. त्यांना त्यातील एक पान उपयोगी पडले नाही. पुस्तक खोटे नव्हते, पण ते आमच्यासाठी नव्हते. हे दहा मिनिटे चाळले असते तरी कळले असते.

माल तपासून घेणे ही आपल्या दीनचीच शिकवण आहे. हुजूर (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल सापडली, हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आला आहे. हनफी फिकहमध्ये न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर परत करण्याचा हक्क 'खियार-ए-रूयत' या नावाने मान्य आहे. पुस्तक हाही माल आहे. त्यातही हात आतपर्यंत घालून पाहावा.

पहिली गोष्ट, पुस्तक शोधण्यापूर्वी आपले अडलेले तीन प्रश्न कागदावर लिहून काढा. माग थांबवून पुन्हा चालू केला की कापडावर पट्टी का पडते? धुतल्यावर लाल रंग का सुटतो? रीड आणि पिक बदलले तर मीटरला सूत किती लागेल? पुस्तक हाती आले की अनुक्रमणिकेत आणि शेवटच्या शब्दसूचीत हे विषय शोधा. तीनपैकी एकही सापडला नाही तर पुस्तक कितीही नामवंत असो, खाली ठेवा.

दुसरी गोष्ट, आपल्याला जे पक्के येते तेच पान आधी वाचा. उदाहरणार्थ, ४० काउंटचे सुती सूत म्हणजे सुमारे १३३ डेनियर, कारण ५३१५ ला काउंटने भागले की डेनियर निघते. पुस्तकातील तक्ता हा हिशेब बरोबर देतो का ते पाहा. ओळखीच्या ठिकाणी चूक असेल तर अनोळखी ठिकाणी भरवसा कशावर ठेवणार? ते बरोबर निघाले तर मग न येणारे एक पान वाचा. दोनदा वाचून अर्थ लागला तर ते पुस्तक आपल्या पातळीचे आहे असे समजा.

तिसरी गोष्ट साल. नवीन आवृत्ती वेगळी आणि जुन्याच मजकुराचे पुनर्मुद्रण वेगळे. सरकारने १९९७ मध्ये काही ॲझो रंगांवर बंदी घातली; त्याआधीच्या रंगाईच्या पुस्तकात ते रंग बिनदिक्कत सांगितलेले असू शकतात. कापडावर जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला. त्यापूर्वीचे करांचे पुस्तक रद्दीच्या भावाचे. मागाच्या रचनेचे किंवा विणीचे पुस्तक मात्र जुने असले तरी कामाचे असते.

आता पाहावयास मिळेल कुठे? जळगावचे व. वा. वाचनालय १८७७ पासूनचे आहे, धुळ्यात गरुड वाचनालय आहे. तेथे विचारण्यात लाज कसली? मोबाईलवर गुगल बुक्समध्ये अनेक पुस्तकांची काही पाने मोफत दिसतात आणि आतला शब्दही शोधता येतो. आयटीआयच्या ट्रेडसाठी सरकारच्या 'भारत स्किल्स' संकेतस्थळावर अभ्याससाहित्य आहे. मराठी विश्वकोश मोफत वाचता येतो. विषयाची तोंडओळख तेथेच करून घ्यावी. आयआयटीच्या प्राध्यापकांची वस्त्रोद्योगावरील व्याख्याने एनपीटीईएलवर फुकट आहेत. एक तास ऐकून विषय झेपतो का ते पाहा, मग पुस्तकाकडे वळा.

आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण माझ्यासारखे उर्दूतून झाले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मालेगावात राष्ट्रीय उर्दू परिषदेचा पुस्तक मेळा भरला होता. असा मेळा जवळपास भरला की मुलांना घेऊन जावे, कारण तेथे पुस्तक उघडून पाहण्यास कोणी अडवीत नाही. टपालाने मागवायचे झाले तर परतीची अट आधी विचारून घ्यावी. महाग पुस्तक असेल तर चार-पाच कारागिरांनी मिळून एक घ्यावे आणि आळीपाळीने वाचावे. मात्र संपूर्ण पुस्तकाची चोरून झेरॉक्स काढणे किंवा तसली फाईल एकमेकांना पाठविणे हे नमुना पाहणे नव्हे. त्यात लिहिणाऱ्याचा हक्क बुडतो.

या गोष्टीला एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. पूर्वी पोरगा मिलमध्ये जॉबरच्या हाताखाली शिकत असे. जळगावच्या खानदेश मिलच्या जागेवर आज खानदेश सेंट्रल उभे आहे. घरचे उस्तादही थकले. पुढच्या पिढीला हुनराचा बराच भाग पुस्तकातून घ्यावा लागणार. अशा वेळी कारागिराने पोटाला चिमटा घेऊन घेतलेले पहिलेच पुस्तक फसले, तर 'हे आपले काम नव्हे' असे म्हणून तो दुसरे कधी घेत नाही. नऊशे रुपये पुन्हा कमावता येतात, पण तुटलेले मन पुन्हा पुस्तकाकडे वळविणे कठीण.

म्हणून बांधवांनो, पुढच्या वेळी पुस्तकाच्या दुकानात जाताना खिशात पैशांबरोबर तीन प्रश्नांची चिठ्ठीही ठेवा.