एका पातळ पत्र्याच्या भरवशावर

विहिरीवरचे इंजिन एकेकाळी घरातल्या दुभत्या जनावराइतके जपले जाई, अशी कुटुंबे आमच्या धाराशिव जिल्ह्यात आजही गावोगाव भेटतात. आता शिवारात वीज आली आहे, मोटारी आल्या, सौर पंपही आले. तरीही वीज गेली आणि पीक माना टाकू लागले की कोपऱ्यातले जुने धूड पुन्हा बाहेर काढले जाते. कुणाकडे पुण्याच्या किर्लोस्करचे, कुणाकडे साताऱ्याच्या कूपरचे, तर कुणाकडे राजकोटी बनावटीचे.

या धुडाचा जीव मात्र एका पातळ पत्र्यात असतो. सिलिंडर आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये बसणारे हे गॅस्केट. हातात घेतले तर वाकेल इतके पातळ. पण त्याच्यावर पडणारा भार ऐकला की थक्क व्हायला होते. शेतीवरच्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनाचा सिलिंडर साधारण ८० मिलिमीटर रुंदीचा असतो. आत डिझेल पेटते तेव्हा तिथला दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साठ-पासष्ट पटींवर जातो. हिशेब केला तर हेडला वर ढकलणारा जोर तीन टनांच्या घरात येतो. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात हा दणका सेकंदाला बारा वेळा बसतो. शेजारून थंड पाणी खेळते, तेही आत जाऊ द्यायचे नाही. असा हा दुहेरी पहारा.

मग गॅस्केट उडते कशाने? लोक मालाला दोष देतात. पण आपल्याकडे मूळ कारण बरेचदा विहिरीत असते. अशा पुष्कळ पंपांत इंजिन थंड ठेवणारे पाणी पंपाच्याच पाण्यातून घेतलेले असते. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागतो, पंप हवा ओढतो, आणि इंजिनाचे पाणीही त्याच क्षणी बंद होते. राखणदार दुसऱ्या बांधावर असेल तर इंजिन तापत राहते. तापलेले हेड पिळते. त्यात कोणी घाबरून बादलीभर गार पाणी ओतले, तर ओतीव लोखंडाला तडाच जायचा. शिवाय काळ्या पाषाणातल्या विहिरींचे पाणी जड. त्याचे क्षार पाण्याच्या वाटांत चुन्यासारखे बसतात आणि वर्षागणिक इंजिन अधिक तापू लागते. दुष्काळ पिकाला मारतो तसा इंजिनालाही मारतो, तो असा.

खुणा ओळखण्यासारख्या असतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात बुडबुडे येतात, धूर पांढरा होतो, हँडल मारताना पूर्वीसारखा दाब लागत नाही. आणि ऑइल दुधाच्या चहासारखे दिसू लागले, तर त्यात पाणी शिरले म्हणून समजावे. तसेच चालवले तर बेअरिंगेही जातात आणि शेकड्यांतले काम हजारांत जाते.

कळंबच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये एका म्हाताऱ्या मिस्त्रींना मी पूर्ण इंजिन बांधताना पाहिले. नव्या रिंगा, नवा लायनर, सगळे झाले होते. शेतकरी तरुण होता. द्राक्षाच्या पाण्याची घाई होती. तो म्हणाला, "काका, जुनंच गॅस्केट चांदीचा रंग लावून बसवा की." मिस्त्री शांतपणे म्हणाले, "बसवून देतो. पण चार दिवसांनी पुन्हा हेड उतरवायला येशील, तवा बाग वाळंल."

ते खरेच आहे. एकदा दाबले गेलेले गॅस्केट पुन्हा तसे दबत नाही. रंग, गोंद, सरस यांनी टनांचा दाब अडत नाही. सांधा धरतो तो सपाट पृष्ठभाग आणि सारखा ताण यांच्या जोरावर.

मिस्त्रींनी दोन्ही पृष्ठभाग जुन्या थरापासून स्वच्छ केले. तेही ओले करून, धूळ न उडवता, कारण जुन्या गॅस्केटांत अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. मग हेडवर सरळ पट्टी उभी धरून खाली फीलर गेजची पाती सरकवून पाहिली. केसाएवढी फटही इथे पुष्कळ. एका कोपऱ्यात पाते शिरले, तेव्हा हेड फेस मारायला गावात पाठवले. लायनरची कडा ब्लॉकच्या किंचित वर आहे ना, तेही बोटाने न ठरवता मापून घेतले. स्टडचे आटे साफ करून तेल लावले, कारण गंजलेला नट घट्ट वाटतो, पण आत दाब देत नाही.

नट आवळायची रीत तर घरच्या माणसानेही शिकावी. एक नट पूर्ण आवळून मग दुसरा, असे करायचे नाही. समोरासमोरचे नट, तीन-चार टप्प्यांत, आणि शेवटी कंपनीने सांगितलेल्या मापाला टॉर्क रेंचने. मग इंजिन चालवून, तापवून, थंड झाल्यावर पुन्हा एकदा तपासणी आणि टॅपेटचे अंतर नव्याने लावणे. नवे गॅस्केट बसताना थोडे दबते, म्हणून हा दुसरा हात.

हा दुसरा हातच बहुतेक ठिकाणी राहून जातो. पाणी सुरू झाले की शेतकरी इंजिन घेऊन निघतो, मिस्त्री पुढच्या कामाला लागतो. तेव्हा इंजिनाचे काम काढाल, तर नव्या गॅस्केटचे पैसे आणि दुसऱ्या दिवशीची मिस्त्रीची फेरी दोन्ही आधीच ठरवून घ्या. आणि विहीर तळाला जाण्याच्या दिवसांत इंजिनापाशी घरचे एक माणूस बसवा. बागेचे पाणी त्या दोन-चार तासांच्या राखणीवर अवलंबून असते.