पुडीतला अकरावा रुपया

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी देव्हाऱ्यातले रुपये चिंचेच्या कोळाने आणि राखेने घासणे हे लहानपणी माझे काम. आमचे गाव अंबड तालुक्यातले, म्हणजे १९४८पर्यंत निजामाच्या मुलखातले. त्यामुळे हे रुपये राणीछाप नव्हते. हाली सिक्का होते. एका बाजूला चारमिनार, त्याच्या कमानीत एक फारसी अक्षर. ‘मीम’ असेल तर महबूब अली खानाचा रुपया, ‘ऐन’ असेल तर १९११मध्ये गादीवर आलेल्या उस्मान अली खानाचा. इंग्रजी सहा रुपयांना हे सात पडत.

अकरापैकी दहा रुपये मी वर्षानुवर्षे लखलखीत केले. अकरावा आजीच्या पेटीत, जुन्या कागदाच्या पुडीत राहून गेला. ती गेल्यावर पुडी उघडली. काठाला निळा, आत जांभळा, मधोमध सोनेरी असा तो रुपया पाहून मी संग्राहक झालो.

हा मळ नव्हे. हवेतल्या आणि कागदातल्या गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. तो अगदी पातळ असताना त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो. काही रंग उजळतात, काही मावळतात. पावसाळ्यात डबक्यावरच्या तेलात दिसतात तेच हे रंग. थर वाढतो तसा पिवळा, तांबूस, जांभळा, निळा असा क्रम लागतो आणि अखेर नाणे काळे पडते. कागदाच्या घडीत काठाला हवा अधिक लागते, म्हणून तिथे रंग पुढे गेलेला.

घासताना या थराबरोबर चांदीही जाते. ठसा पडताना धातू सरकतो आणि नाण्यावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. टाकसाळीची खरी झळाळी त्या रेषांची. राखेने येते ती निव्वळ चमक.

लिलावात अशा रंगीत नाण्यांना जाणकार जास्त मोजतात, म्हणून रंग चढवणारेही आहेत. गंधकाच्या वाफेवर हे काम झटपट होते. एकदा केवळ छायाचित्र पाहून मी बोली लावली. हाती आलेल्या रुपयाचा निळा रंग ताज्या ओरखड्याच्या आतही तसाच भरलेला होता. खरा रंग एकातून दुसऱ्यात विरत जातो आणि उठावाच्या अक्षरांभोवती बदलतो. तेव्हापासून लिलावाआधी नाणी पाहायला ठेवतात त्या दिवशी मी जातो. एकाच दिव्याखाली नाणे हळूहळू कलवून पाहतो. हातोडा पडल्यावर किमतीवर लिलावघराची टक्केवारी आणि कर चढतो. तो आधीच वजा करून आपली मर्यादा कागदावर लिहून नेतो. आणखी एक: शंभर वर्षांवरचे नाणे १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते परदेशी नेता येत नाही.

गेल्या दिवाळीत अकरावा रुपया पूजेत मांडला. आई म्हणाली, “लक्ष्मीपुढं काळा रुपया मांडतात का रे?” मी तो निरांजनाजवळ धरून कलवला. निळ्यातून जांभळा फिरला. ती बघत राहिली. मग म्हणाली, “अन् ते दहा?”

ते दहाही आता कागदाच्या घडीत आहेत. हवा आपले काम करील, रंग पुन्हा येईल. राखेने नेलेल्या रेषा मात्र येणार नाहीत.