मराठीचे खिळे ओतणारे गाव

देवनागरी खिळे जुळवून छापलेली मराठीची पहिली पुस्तके कोणत्या गावी निघाली, असे विचारले तर बहुतेक जण मुंबईचे नाव घेतील, एखादा पुण्याचे. खरे उत्तर आहे श्रीरामपूर! आपल्या उसाच्या पट्ट्यातले नव्हे. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीच्या पश्चिम काठावर असलेले, इंग्रजांनी ज्याचे ‘सेरामपूर’ करून टाकले ते.

हावड्याहून लोकल थेट या गावात जाते. तरीही जावे ते नदीवरूनच. सियालदाहून बराकपूरची गाडी धरावी, रिक्षाने धोबी घाट गाठावा आणि सायकली, पिशव्या नि शाळकरी मुलांच्या गर्दीत लाँचवर उभे राहावे. प्रवास काही मिनिटांचाच, पण त्यात बरेच दिसते. मागे राहते ती बराकपूरची छावणी, जिथे २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. खाली हुगळीचे गढूळ पाणी. समुद्र इथून लांब, पण भरती-ओहोटी इथवर पोचते. त्यामुळे नदी कधी चक्क उलटी वाहताना दिसते. आणि समोर, झाडांच्या वर, एका चर्चचा सडपातळ मनोरा.

हे चर्च इंग्रजांचे नव्हे, डॅनिश लोकांचे. १७५५ मध्ये नवाब अलीवर्दीखानाकडून त्यांनी ही जागा मिळवली आणि आपल्या राजाच्या नावावरून तिला ‘फ्रेडरिक्सनगर’ म्हटले. अलीवर्दीखान म्हणजे तोच, ज्याला नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४२ पासून जवळजवळ दशकभर सळो की पळो करून सोडले होते. आपल्या ‘बारगीर’चा बंगालीत ‘बर्गी’ झाला आणि तो आजही तिथल्या अंगाईत येतो, मुलाला भीती घालायला. मराठी पाहुण्याने हे ठाऊक असूनच तिथे उतरलेले बरे.

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून विल्यम कॅरे जानेवारी १८०० मध्ये या डॅनिश वसाहतीच्या आश्रयाला आला. जोडीला शिक्षक मार्शमन आणि मुद्रक वॉर्ड. छापखाना त्याच वर्षी सुरू झाला. खिळे घडवायला लाभला पंचानन कर्मकार हा बंगाली कारागीर आणि त्याच्यामागे त्याचा जावई मनोहर. कॅरे फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायला दर आठवड्याला होडीने कलकत्त्याला जाई. तिथे बंगाली नि संस्कृतबरोबर मराठीही त्याच्याकडे आली. कारण उघड होते. १८०३ च्या युद्धात दिल्लीपासून कटकापर्यंतचा मुलूख मराठ्यांच्या हातून गेला होता, आणि कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना आता मराठी कागद वाचायचे होते!

कॅरेच्या मदतीला होते वैजनाथ पंडित. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण निघाले, त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान. पुढे मोडीचेही खिळे तयार झाले आणि १८१० चा मराठी-इंग्रजी कोश मोडीत छापला गेला. ११ मार्च १८१२ च्या रात्री छापखान्याला आग लागली. खिळे वितळले, हस्तलिखिते जळाली. पण साचे वाचले आणि वितळलेल्या धातूतूनच नवे खिळे ओतले गेले. १८१४ मध्ये ‘सिंहासनबत्तिशी’ आली, पाठोपाठ ‘हितोपदेश’. पुढच्या काही वर्षांत रघुजी भोसल्यांची वंशावळीही आली. ज्यांच्या घोड्यांच्या टापांनी हा प्रांत हादरला, त्यांचीच वंशावळी या काठावर मोडीत छापली गेली, तीही बंगाली कारागिराच्या घराण्याने घडवलेल्या खिळ्यांनी. आज ती समोर ठेवली तर आपल्यातल्या किती जणांना वाचता येईल?

डॅनिश लोकांनी १८४५ मध्ये आपल्या भारतातल्या वसाहती कंपनीला विकल्या आणि गाव हळूहळू ज्यूट गिरण्यांच्या धुरात हरवले. १७८६ ची डेन्मार्क टॅव्हर्न ही खाणावळ तर छप्पर कोसळून झाडाझुडपांत गडप झाली होती. २००८ पासून डेन्मार्कचे राष्ट्रीय संग्रहालय आणि पश्चिम बंगालचा वारसा आयोग यांनी डागडुजी हाती घेतली. १८०६ मध्ये पुरे झालेले सेंट ओलाव्ह चर्च एप्रिल २०१६ मध्ये पुन्हा उघडले. त्याच वर्षी त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. टॅव्हर्न २०१८ मध्ये सुरू झाली. आता तिथे चहा मिळतो, मुक्कामही करता येतो. नदीकडे तोंड करून बसावे, लाँच येता-जाता दिसते.

मला आवडले ते हे की गावाचा देखावा केलेला नाही. चर्चच्या पायथ्याशी रिक्षा, बाजार, हॉर्न सगळे चालूच असते. घडवलेल्या पर्यटनस्थळांचा गुळगुळीतपणा इथे नाही. पण एक खंत आहे. दुरुस्ती झाली ती चर्चची, खाणावळीची. छापखान्याच्या जागेवर मात्र ज्यूट गिरणी उभी राहिली. पंचाननचे नाव बंगालबाहेर कितीसे निघते?

छापखान्याची आठवण शोधायची तर नदीकाठीच असलेल्या सेरामपूर कॉलेजात जावे. ते १८१८ चे. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली. उंच खांबांची इमारत, लोखंडी जिना आणि कॅरेच्या नावाचे ग्रंथालय. जुनी पुस्तके पाहायची असतील तर आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी. १८३४ मध्ये वारलेल्या कॅरेची कबर याच गावात आहे.

आषाढात गेलात तर जवळच्याच माहेशची रथयात्रा गाठता येईल. परंपरेने तिचा आरंभ १३९६ चा मानतात. मात्र नदी तेव्हा फुगलेली असते. मुले बरोबर असतील तर थंडीच बरी. परतीला हावड्याची लोकल सोयीची, पण संध्याकाळी तिला गर्दी फार.