पिल्लू सापडलं, पण ते पोरकं आहे का?

एप्रिल-मे सुरू झाला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. बुटांच्या खोक्यात अंग चोरून बसलेलं, चोचीच्या कडा पिवळ्या असलेलं पिल्लू आणि खाली प्रश्न : ‘याला खायला काय देऊ?’ उत्तरं मिनिटाभरात येतात. ड्रॉपरने दूध. भिजवलेलं बिस्कीट. मऊ भाताची शितं. सगळी मनापासून दिलेली असतात आणि जवळजवळ सगळी पिल्लाच्या जिवावर उठणारी असतात.

खायला काय द्यायचं, हा मुळात तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की हे पिल्लू खरंच पोरकं आहे का?

बहुतेक वेळा ते नसतं. बुलबुल, साळुंकी, दयाळ यांची पिल्लं धड उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. बुलबुलाचं पिल्लू तर जन्मल्यापासून दोन आठवड्यांच्या आत घरटं सोडतं. मग काही दिवस ते जमिनीवर, झुडपात टुणटुणत राहतं आणि आईबाप तिथे येऊन त्याला भरवतात. अंगावर पिसं आहेत, शेपटी आखूड आहे, बोट पुढे केलं तर घट्ट पकडतंय, असं पिल्लू दिसलं की समजावं, त्याची शाळा चालू आहे. ते रस्त्यात असेल किंवा मांजर घुटमळत असेल, तर उचलून जवळच्या झुडपात ठेवावं आणि आपण लांब व्हावं. वरच्या केबलवर चोचीत अळी धरून बसलेला बुलबुल आपण कधी निघतोय याचीच वाट बघत असतो. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो खोटा आहे. पक्षी आपली पिल्लं वासावरून ओळखत नाहीत आणि घातलेली मेहनत इतक्या सहज सोडून देत नाहीत.

पिल्लू उघडंबोडकं, डोळे मिटलेलं असेल तर ते खरोखर पडलेलं असतं. घरटं सापडलं तर त्यात परत ठेवावं. घरटं मोडलं असेल तर एखादी परडी किंवा तळाला भोकं पाडलेला डबा घ्यावा, आत सुकं गवत घालावं आणि त्याच फांदीला, सावलीत बांधून टाकावा. नंतर खिडकीआडून तासदोन तास लक्ष ठेवावं. आईबाप बहुधा येतात. आपण झाडाखालीच उभे राहून व्हिडिओ काढत बसलो तर मात्र येत नाहीत.

आईबाप मेलेले दिसले, मांजराने पिल्लाला धरलं होतं किंवा ते जखमी असलं, तरच त्याला घरात आणायचं. मांजराचा दात लागलेलं पिल्लू वरून ठणठणीत दिसलं तरी त्याला औषध लागतं, कारण मांजराच्या तोंडातल्या जंतूंनी लहान पक्षी एकदोन दिवसांत दगावतात.

घरात आणल्यावरही लगेच घास नको, आधी दुसरा प्रश्न, उबेचा. पक्ष्यांच्या शरीराचं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर असतं आणि पिसं न फुटलेल्या पिल्लाला ते स्वतः राखता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात अन्न तसंच पडून राहतं आणि सडतं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे गरम झालं तर पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता येतं. खोकं अंधारात, शांत जागी ठेवावं.

चोचीत पाणी तर अजिबात ओतू नये. पिल्लाच्या जिभेच्या बुडाशी एक छोटी फट दिसते, ते श्वासनलिकेचं तोंड. ड्रॉपरने ओतलेलं पाणी तिथून थेट फुप्फुसात जातं. घरट्यातल्या पिल्लाला पाणी अन्नातूनच मिळतं. दूधही नको. पक्षी सस्तन प्राणी नव्हेत, दुधातली साखर त्यांना पचत नाही.

मग खायचं काय? ते पिल्लू कुणाचं, यावर सगळं अवलंबून. दाणे टिपणारी चिमणी आपल्या पिल्लांना अळ्या आणि किडे भरवते. फळांवर ताव मारणारा बुलबुलही तेच करतो. दोन आठवड्यांत अंगभर पिसं आणायची तर प्रथिनं लागतात, ती भातात आणि बिस्किटात कुठून येणार? पक्ष्यांवर उपचार करणारी मंडळी अशा पिल्लांना मीलवर्म, उकडलेलं अंडं किंवा भिजवून मऊ केलेलं मांजराचं कोरडं खाद्य बोथट चिमट्याने भरवतात. तेही उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, अगदी लहान पिल्लाला दर वीस ते तीस मिनिटांनी. नोकरी करून जमणारं हे काम नव्हे. घास गिळला की पिल्लू पाठ फिरवतं आणि पांढऱ्या पातळ पिशवीत बांधलेली विष्ठा टाकतं. रानात आईबाप ती पिशवी चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. खोक्यात अशी नीट बांधलेली पिशवी पडली की सांभाळणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो, कारण पोट व्यवस्थित चालल्याची ती खूण असते.

पारवा आणि होला यांची तऱ्हाच निराळी. त्यांची पिल्लं आ करून मागत नाहीत, आईबापाच्या चोचीत स्वतःची चोच खुपसतात. तिथे त्यांना आईच्या आणि बापाच्याही अन्नपिशवीत तयार होणारं दाट, दह्यासारखं ‘दूध’ मिळतं. चोच उघडत नाही म्हणून होल्याच्या पिल्लाच्या तोंडात जबरदस्तीने घास कोंबणारे लोक त्याची चोच वाकवून ठेवतात. टिटवीचं पिल्लू याच्या अगदी उलट. अंड्यातून बाहेर पडून अंग वाळलं की ते धावायला लागतं आणि स्वतःच टिपून खातं. त्याला भरवायचं नसतंच, आईबापांच्या टापूत सोडून द्यायचं असतं.

घार, पिंगळा, गव्हाणी घुबड यांच्या बाबतीत आपल्याकडे वेगळीच अडचण येते. शाकाहारी घरात सापडलेल्या पिंगळ्याच्या पिल्लाला श्रद्धेने पनीर भरवलं जातं. कुणी धीर करून बोनलेस चिकन आणतं, तेही चुकीचंच. शिकारी पक्षी भक्ष्य हाडांसकट खातो. नुसत्या मांसावर वाढलेल्या पिल्लाला कॅल्शियम मिळत नाही, पाय वाकतात आणि ते पुढे सरळ होत नाहीत.

पोट भरलं तरी खरं संकट पुढेच असतं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लॉरेंझ यांच्यामागे बदकासारखी चालत जाणारी हंसाची पिल्लं अनेकांनी चित्रात पाहिली असतील. त्या पिल्लांनी जन्मल्यावर पहिल्यांदा पाहिलेल्या माणसालाच आई मानलं होतं. लॉरेंझ यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं, पिल्लांची मात्र ती फसगतच. म्हणून 1980च्या दशकात कॅलिफोर्नियात कॉन्डोर गिधाडांची पिल्लं वाढवताना हातात गिधाडाच्या डोक्याची बाहुली घालून त्यांना भरवत, माणूस दिसू देत नसत. आपण इकडे पिल्लाला नाव ठेवतो, खांद्यावर बसवतो, त्याची रील काढतो. मग सोडून दिल्यावर ते पहिल्या दिसलेल्या माणसाच्या किंवा कुत्र्याच्या जवळ निर्धास्त जातं.

कायदाही स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली रानपक्षी घरात पाळणं गुन्हा आहे, मग तो पिल्लाचा लळा लागून पाळलेला पोपट का असेना. महाराष्ट्र वनविभागाची 1926 ही मदतवाहिनी आहे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं वन्यजीव उपचार केंद्र आहे, पुण्यातही अशा कामासाठी संस्था आहेत. ऊब, अंधार, शांतता आणि एक फोन, घरच्या माणसाचं काम इथे संपतं.

खरं सांगायचं तर यातली कितीतरी पिल्लं वाऱ्याने पडतच नाहीत. मान्सूनपूर्व छाटणीच्या नावाखाली आपण मे-जूनमध्ये करवती चालवतो आणि नेमक्या त्याच वेळी झाडं घरट्यांनी भरलेली असतात. पर्जन्यवृक्षावर बगळ्यांची अख्खी वसाहत बसलेली असताना फांद्या उतरवल्या जातात. घरटं किंवा अंडी यांना धक्का लावणं हे त्याच 1972च्या कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच मोडतं, हे किती सोसायट्यांच्या सेक्रेटरींना माहीत असतं? छाटणीला परवानगी तर 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्याने लागतेच. तेव्हा तो अर्ज हिवाळ्यात करा, कारण तेव्हा बहुतेक लहान पक्ष्यांची घरटी रिकामी असतात. तरीही करवत लावण्याआधी एका माणसाला दुर्बीण देऊन झाड बघायला लावा. घार थंडीतच घरटं करते.